गुळवेलीवरच्या अळ्या

सौसरच्या दिवसांबद्दल लिहायचं तर आधी वच्छलाबाईचं नाव लिहिलं पाहिजे. ती लोधीखेड्याची. रानातली आणि बगिच्यांच्या कुंपणावरची गुळवेल कापायची, मोळ्या बांधून डोक्यावर सौसरला न्यायची आणि जडीबुटीवाल्या दुकानदाराला विकायची, एवढाच तिचा धंदा. आमच्याशी नातं नाही, गोत नाही. आम्ही तिला दिलं ते फार तर पाणी, चहा आणि चार गळकी संत्री. तिने मात्र माझ्या बहिणीच्या डोक्यावरचं छप्पर राखलं आणि माझ्यावर येणारी गोष्ट स्वतःवर घेतली. हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं सांगितलं होतं. आता गुडघे बोलायला लागलेत आणि वेळही आहे, म्हणून लिहिते.

मी गोंदियाच्या पलीकडच्या धानाच्या मुलखातली. सहावीचा निकाल हातात आला त्याच आठवड्यात बाबांनी मला शेवंताताईकडे पोचवलं. ताईला दिवस गेले होते. याआधी दोनदा तिचं पोट रिकामं झालं होतं, त्यामुळे या खेपेला तिने वाकायचं नाही, पाणी भरायचं नाही, असं ठरलं होतं. आणि ठरवणाऱ्यांमध्ये मला कुणी धरलं नव्हतं. शाळा पुढच्या वर्षी बघू, असं आई म्हणाली. ते पुढचं वर्ष काही आलं नाही, पण त्याचा राग माझ्याजवळ नाही. नागपूरला बस बदलताना बाबांनी मला एक पाकीट चिवडा घेऊन दिला आणि म्हणाले, तिथं घाबरून राहू नको. मी तर निघाल्यापासूनच घाबरलेली होते. मला सवयच तशी. आजही गॅस बंद केला की नाही हे बघायला मी दोनदा उठते.

भाऊजी, म्हणजे गणपतराव, मोहगावच्या रस्त्याला एका संत्र्याच्या बगिच्यात राखणीला होते. बगिच्यातच टिनाची एक खोली, पुढे पडवी, बाजूला विहीर आणि मोटरचं खोपटं. मोटर सुरू झाली की टिन थरथरायचं आणि मडक्यावरचं झाकण वाजायचं. दुरून छोटी रेल्वे जायची, तिच्या शिटीवरून ताई स्वयंपाकाची वेळ ठरवायची, कुकरच्या शिट्या मोजाव्यात तशी, कुकर नव्हता तरी. पोपट हाकलायला भाऊजींनी झाडाला रिकामा डबा टांगला होता, त्याची दोरी पडवीपर्यंत आणलेली. ताई बसल्या बसल्या ती ओढायची. शनिवारी जामसांवळीच्या मारुतीला जाणारी माणसं रस्त्याने जायची, काही पायी, काही ट्रॅक्टरवर, आणि त्यातला एखादा कुंपणाशी थांबून पाणी मागायचा. जेवायला ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी, कधी भेदराची, म्हणजे टोमॅटोची, चटणी. भात आठवड्यातून एकदा. पहिले दोन महिने मी भाकर चावत भाताचा विचार करायचे. ताई हे ओळखून होती. भात झाला की स्वतःच्या ताटातला अर्धा माझ्या ताटात लोटायची आणि म्हणायची, "मले आता याचा वासच नाई सहन होत." पुढे कळलं की ते खोटं होतं.

बगीचा श्रीरामजींचा. त्यांचं सौसरला किराण्याचं दुकान होतं, आणि ते दोन-चार दिवसांनी सायकलने चक्कर मारायचे. सावकाश बोलणारा माणूस. मालक म्हणून ओरडलेलं मी त्यांना कधी ऐकलं नाही, आणि त्यामुळेच मला त्यांची जास्त भीती वाटायची. त्या भागात तेव्हा एक रीत होती. झाडावरचं फळ मालकाचं, गळून खाली पडलेलं फळ राखणदाराचं. वाऱ्याने, पक्ष्याने, देठ सुकून जे पडेल ते राखणदाराने उचलावं, खावं, बस स्टँडवर टोपली मांडून विकावं. मीठ-तेल त्यात निघायचं. मालकाला त्याचं काही वाटत नसे, कारण दिवसाला पडून पडून पडणार किती?

पाऊस लागल्यावर कुंपणावरची गुळवेल अशी वाढली की तारा दिसेनात. मी रोज सकाळी शेण टाकायला तिकडे जायचे, आणि श्रावणात एक दिवस मला पानाखाली ती अळी दिसली. माझ्या मधल्या बोटाएवढी लांब, काळपट जांभळी, मखमलीसारखी. आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन डोळे. खरे डोळे नव्हेत, कातडीवरचे ठिपके, पण काळी बाहुली, भोवती पांढरं-पिवळं कडं, हुबेहूब. हात लावला तर तिने डोकं आत वळवलं, मागचा भाग वर उचलला आणि ते डोळे माझ्याकडे करून बसली. मी धावत ताईला बोलावलं. ताई हळूहळू आली, पाहिलं आणि दोन पावलं मागे झाली.

"नागोबाच्या महिन्यात निघाली न," ती म्हणाली. "हात नोको लावू. अन् मारू त मुळीच नोको."

तशी ती नसती म्हणाली तरी मारलं नसतं. घरात गर्भारशी असली की त्या घरच्यांनी जीव मारायचा नाही, हे भाऊजी फार कडक पाळत. ताईचं पोट दोनदा रिकामं झालं, त्यातल्या पहिल्या खेपेला त्यांच्या हातून घोणस मेली होती. कुणी तसं तोंडावर म्हणालं नव्हतं, पण त्यांच्या मनात ते बसलं होतं. त्या पावसाळ्यात ते विंचूसुद्धा चिमट्यात धरून कुंपणाबाहेर सोडायचे आणि विंचवाला म्हणायचे, "जाय बाबू, दुसऱ्याच्या घरी जाय."

माझं कारण निराळं होतं. आमच्याकडे ऐनाच्या झाडावर कोसा होतो, रानातलं रेशीम. ढिवर समाजाची माणसं अळ्या झाडावर चढवतात, कावळे-मुंग्यांपासून राखतात, आणि मग सुपारीसारखा टणक कोसा लागतो. लहानपणी मी ते पाहिलेलं. इतकी मोठी, इतकी देखणी अळी आहे, म्हणजे हिचाही कोसा होणार, असं माझ्या डोक्यात आलं आणि मला एकदम बरं वाटलं. त्या परक्या मुलखात माझ्या ओळखीचं काहीतरी निघालं होतं. मग मी त्यांची राखण करायला लागले. खाली पडलेली अळी काडीवर घेऊन पुन्हा पानावर ठेवायचे. कोंबड्यांना तिकडे फिरकू द्यायचे नाही. खोडाला राख लावून मुंग्या अडवायच्या, हे घरून शिकलेलं. अळ्या पानं अशी खायच्या की सकाळचं पान दुपारी नुसती शीर उरायची. आधी पाच होत्या, मग वीस, मग मी मोजणं सोडलं.

भाद्रपदाच्या सुरुवातीला वच्छलाबाई वेल कापायला आली. उंच, सडसडीत बाई, कासोटा घातलेला, कमरेला विळा. ती बोलायला लागली की विळाही थांबायचा नाही आणि तोंडही.

"तूच का वं गोंदियाची? तुमच्याकडचे लोकं काऊन इतलं हळू बोलते? भात खाऊन खाऊन घसा मऊ पडते का?"

मी हळूच म्हणाले, "बाई, इकडचा वेल राहू द्याल का? त्याच्यावर अळ्या आहेत."

"अळ्या हायेत म्हणूनच त कापाव लागते. पुरा पाला खाऊन टाकते मेल्या. दुकानदार म्हणते, वच्छला, तू मले वेल आणून देतं का सुतळी?"

"माझी बहीण गर्भार आहे. घरात जीव मारायचा नाही असं आहे."

तिने विळा खाली घेतला. पडवीकडे पाहिलं. ताई गोधडी शिवत बसली होती.

"कितवं?"

"तिसरं. आधीची राहिली नाहीत."

वच्छलाबाईने विळा पुन्हा उचलला. विहिरीकडचा वेल तिने कापला, मोळी बांधली आणि अळ्यांची बाजू पुरी सोडून दिली. ती बाजू पाऊण कुंपण होती. जाताना म्हणाली, "ठेव तुह्या पोरी. पण पुढच्या खेपेला मी काई सोडत नाई, सांगून ठेवतो."

कोसा काही झाला नाही. अळ्यांनी दोन-तीन पानं ओढून चिकटवली आणि आत पातळ, कळकट जाळी विणून त्या आत बसल्या. मी एक उकललं तर आत तपकिरी, बोटाच्या पेराएवढं काहीतरी होतं, हलत होतं. सुपारीसारखं टणक काही नाही, धागा काढण्यासारखं काही नाही. मी फार हिरमुसले. ते पानाचं गुंडाळं होतं तसं ठेवलं आणि त्या बाजूला जाणंच कमी केलं. नंतर मला माझ्या मुलीच्या सातवीच्या पुस्तकात ते सगळं चित्रासकट दिसलं. अंडं, अळी, कोष, पतंग, आणि चौघांच्या मधून गोल फिरणारा बाण. मी सहावीला थांबले होते.

दसऱ्याच्या आधी आंबिया बहराच्या फळावर पिवळी झाक आली आणि फळ गळायला लागलं. पहिल्या दोन-तीन दिवसांत आम्हाला आनंदच झाला, हे लिहायला हवं. सकाळी टोपली भरायची. ताई म्हणायची, बाळाचा पायगुण. भाऊजींनी बस स्टँडवर एकाऐवजी दोन टोपल्या मांडल्या. फळ मात्र टिकायचं नाही. वरून चांगलं दिसायचं, पण एका ठिकाणी टाचणीएवढं भोक, भोवती रुपयाएवढा नरम डाग, आणि दाबलं की भोकातून रसाची चिळकांडी. मग इतकं गळायला लागलं की विकूनही उरेना. मला स्वच्छतेची हौस. मी सगळं सडकं फळ गोळा करून कुंपणाशी ढीग लावायचे. त्याचा आंबूस वास दोन वावरं पलीकडे जायचा. त्या वासानेच फळ टोचणारे आणखी येतात, हे कुणाला ठाऊक होतं? भाऊजींनी मालकाला सांगून औषध आणलं आणि झाडं भिजवून काढली. काही फरक पडला नाही. आम्ही अळी संत्र्याच्या झाडावर शोधत होतो, आणि तिथे अळी नव्हतीच.

मग श्रीरामजी आले. त्यांनी सायकल लावली, एका झाडाखाली उकिडवे बसले, चार फळं उचलून फिरवून फिरवून पाहिली. पडवीत आले. ताई गोधडी सोडून आत गेली. गोधडीत सुई तशीच टोचलेली होती. त्यांनी ती सुई काढली, झाडावरचं एक चांगलं फळ तोडलं आणि आमच्यादेखत त्यात टोचली. मग दोन्ही फळं भाऊजींच्या हातावर ठेवली, एक गळलेलं, एक टोचलेलं.

"देख गणपत. फरक सांग."

भाऊजी पाहत राहिले. फरक नव्हता.

"झाडावरचं माहं, खालचं तुह्यं. बरोबर? तीन वर्षांत कधी इतलं पडलं नाई. आता पडून राहिलं, अन् तुह्या दोन टोपल्या लागून राहिल्या स्टँडवर. लोकं मले दुकानात येऊन सांगते."

"मालक, लेकराची आण घेऊन सांगतो..."

"लेकराची नोको घेऊ," श्रीरामजी म्हणाले. "ते व्हायचं हाये अजून. सोमवारी नागपूरचा व्यापारी येते बगीचा पाहाले. त्याच्या आधी मले खरं सांग. नाई सांगितलं त खोली खाली कर. मी पोलीस-बिलीस नाई करत. माह्यात ते नाई."

सुई खिशात घालून ते निघून गेले. ताईला आठवा लागला होता. दवाखान्याची बाई म्हणाली होती, हलायचं नाही, बसचा प्रवास तर नाहीच. गोंदियाला जायला दोन बस. ताई दाराच्या आत उभी राहून सगळं ऐकत होती. ती रडली नाही. मला म्हणाली, "भाकरी टाक, ते उपाशी हायेत." मी पीठ मळायला बसले आणि पाणी जास्त झालं, मग पीठ जास्त झालं, असं करत सहा माणसांचं पीठ भिजलं.

त्यानंतर भाऊजी दिवसा झोपले नाहीत आणि अंधारातही झोपले नाहीत. काठी घेऊन झाडांमधून फिरायचे. त्यांना माणूस शोधायचा होता. कुणीतरी डूख धरून येतं, टोचून जातं, असं त्यांनी ठरवलं होतं, आणि माणूस शोधणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. फळांवर वाळकी पानं चिकटलेली असतात, एवढं ते एकदा म्हणाले होते. आम्ही कुणी त्यावर विचार केला नाही. संत्र्याच्या झाडाला तसलं पान कुठून येणार?

शुक्रवारी वच्छलाबाई आली, ठरल्याप्रमाणे उरलेला वेल कापायला. पडवीत चुलीशिवाय कसलाच आवाज नव्हता. तिने पाणी मागितलं, तांब्या हातात घेतला आणि म्हणाली, "काऊन बाप्पा, कोणी मेलं का?" ताईने सगळं सांगितलं. मी सांगू शकले नसते. वच्छलाबाई ऐकत होती आणि ऐकता ऐकता एक गळलेलं संत्रं हातात घेऊन दाबत होती. चिळकांडी उडाली.

"हे त पाखराचं काम हाये," ती म्हणाली.

"पाखरू कुठलं? पोपट सालपट काढते," भाऊजी म्हणाले.

"पोपट नाई. ते मोठं पाखरू. वाळल्या पानासारखं. माह्या घरी मोळ्यातून निघते न दर सालाले. गुंडाळलेल्या पानात असते. तुमच्याच इथली संत्री मी टोपल्यात ठेवतो, त त्याच्यावरच जाऊन बसते, सोंड खुपसते. माहा नातू त्याच्या मागं झाडू घेऊन पळते." मग ती माझ्याकडे वळली. "तुह्या पोरीच हायेत त्या, वं. तू पोसल्या, त्यायले पंख फुटले."

मी जागची हलले नाही. मला काय वाटलं हे आज नेमकं सांगता येणार नाही. ताईने माझ्याकडे पाहिलं, मग भाऊजींकडे. जीव मारू नको म्हणणारे ते दोघंच होते.

"मालकाले कोण मानून घेईन हे?" भाऊजी म्हणाले. "म्हणतीन, गोष्ट बनवून राहिला."

"गोष्ट नाई सांगाची. दाखवाची." वच्छलाबाई उठली. मग थांबली. कुंपणाकडे बराच वेळ पाहिलं. "दाखवलं त मालक वेल नाई ठेवत," ती म्हणाली, आमच्याशी नव्हे, आपल्याशीच. आणि विळा कमरेलाच ठेवून, पदर खोचून वेलाची पानं उलटून पाहायला लागली. त्या वाक्याचा अर्थ लावायला मला पुढे कित्येक वर्षं लागली.

शनिवारी दिवेलागणीच्या आधी तिने श्रीरामजींना दुकानातून बोलावून आणलं. काय सांगून आणलं ते ठाऊक नाही. पडवीत तिने ताईचं सूप मागून घेतलं आणि त्यात एकापुढे एक मांडलं. वेलावर उशिरा राहिलेली एक डोळ्यांची अळी, पानासकट. एक पानाचं गुंडाळं, उकलून. आणि टोपलीत फडक्याखाली घरून आणलेलं, दोन दिवसांपूर्वी मोळीतून निघालेलं पाखरू. ते बसलं होतं तर खरंच वाळकं पान, शिरांसकट. वच्छलाबाईने बोटाने डिवचलं तसे वरचे पंख सरकले, आणि खालचे पंख दिसले, पिकल्या संत्र्याच्या रंगाचे, त्यावर काळा डाग. श्रीरामजी थोडे मागे सरले.

"आता तुमच्या हातानं एक फळ तोडून आना, मालक. चांगलं पाहून आना. मंग म्हणान, बाईनं टोचलं."

त्यांनी तीन फळं चाचपून चौथं तोडलं. फळ सुपात ठेवलं, पाखरू सोडलं आणि वरून ज्वारी चाळायची मोठी चाळणी पालथी घातली. मग आम्ही बसून राहिलो. पाखरू चाळणीला आतून चिकटून बसलं आणि हलेना. मी चहा केला. श्रीरामजींनी चहा घेतला. अंधारून आलं. कंदिलावर वच्छलाबाईने फडकं टाकलं, कारण जास्त उजेडात ते बुजतं.

"दुकान उघडं ठेवून आलो मी," श्रीरामजी म्हणाले.

"उपाशी हाये ते. जाईन. तुम्ही नाई का, दोन दिवस उपाशी ठेवलं त शेजाऱ्याच्या घरी जाऊन जेवान?"

श्रीरामजी हसले नाहीत, पण बसले. आणि मग पाखरू उतरलं. फळावर बसलं, पंख फडफडवत राहिलं, आणि तोंडातून शिवणाच्या दोऱ्याएवढी एक नळी सरळ केली. फुलपाखराची नळी मऊ असते. ही ताठ होती. टोकाने फळ चाचपलं, एका जागी टेकवली आणि इकडून तिकडे, इकडून तिकडे, गिरमिट फिरवावं तशी आत घातली. पुरी आत गेली. श्रीरामजींनी चाळणीला नाक लावलं होतं. शेवटी त्यांनी चाळणी काढली, पाखरू झटकलं, फळ हातात घेऊन दाबलं. रस त्यांच्या सदऱ्यावर उडाला.

त्यांनी खिशातून सुई काढली. पाच दिवस ती त्यांच्याजवळच होती. ताईपुढे धरली आणि म्हणाले, "घे बाई. लेकराची गोधडी राहिली असन." भाऊजींना नुसतं, "बस गणपत, उभा काऊन हाये," म्हणाले. त्यांच्याकडून तेवढंच आलं, आणि आम्हाला ते पुरलं.

पण मग त्यांनी विचारलं. दुकानदार माणूस, हिशेब जुळला की पुढचा प्रश्न येतोच.

"वेल त हरसाल राहते कुंपणावर. याच साली इतले कसे झाले?"

मी चाळणी हातात धरून उभी होते. सांगायचं मी ठरवलं होतं. मी सांगणार होते, असं मी अजूनही स्वतःला सांगते. ताई जमिनीकडे पाहत होती. भाऊजी कंदिलाची वात खालीवर करत होते.

"माही चूक हाये, मालक," वच्छलाबाई म्हणाली. "भादव्यात कापाचा वेल मी नाई कापला. आळस केला. पाऊण कुंपण तसंच ठेवलं. म्हणून पोसल्या गेल्या."

"तुह्या आळसापायी माहा बगीचा खाली झाला," श्रीरामजी म्हणाले, त्याच सावकाश आवाजात. "अन् मी या गरिबाले चोर म्हटलं."

"होय न. चूक झाली."

आम्ही तिघंही गप्प राहिलो. हे मी मुद्दाम लिहिते. कुणीही एक शब्द काढला असता तरी श्रीरामजी काही खोली खाली करा म्हणाले नसते, आज असं वाटतं. पण त्या संध्याकाळी छप्पर नुकतंच परत मिळालं होतं आणि त्याला पुन्हा हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. वच्छलाबाईने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तिने सूप झटकलं, अळी पायाखाली चिरडली, कारण तिच्या घरी कुणी गर्भार नव्हतं, आणि मोळी उचलून निघाली.

दुसऱ्या दिवशी श्रीरामजींनी तिलाच बोलावलं. वेल मुळासकट काढायचा, त्यांच्या बगिच्याचा आणि शेजारच्या दोघांचाही. तिला रोजी मिळणार. ती आली. आजवर ती गाठ राखून कापायची, म्हणजे पुन्हा फुटावा. त्या दिवशी तिने कुदळीने गाठी खणून काढल्या. मी तिच्यामागे राहून पाला गोळा केला. सडक्या फळांचा ढीग भाऊजींनी खड्ड्यात पुरला, संध्याकाळी ओल्या गवताचा धूर केला. सोमवारी व्यापारी आला, बडबडला, पण सौदा झाला. वच्छलाबाई काम करता करता माझ्याशी नेहमीसारखंच बोलत होती. "आता रडून नोको राहू. तुह्या पोरी होत्या चांगल्या, डोळे मोठे होते." मी हसले. शेवटची मोळी तिने डोक्यावर घेतली तेव्हा नेहमीपेक्षा दुप्पट मोठी होती. पुढच्या वर्षी त्या रस्त्याला तिला कापायला काही नव्हतं. एका बगिच्यातून दुसऱ्यात गोष्ट पसरली आणि सगळ्यांनी कुंपणं साफ केली. ती मग तोडणीच्या बायकांत जाऊ लागली, फळाच्या पेट्या भरायला. कंबर तिथेच गेली.

ताईला मुलगी झाली, दिवाळीनंतर, सौसरच्या दवाखान्यात. ती आता शिक्षिका आहे आणि मला फोनवर शुद्धलेखन सुचवते. मी त्याच भागात राहिले. लग्न करून पांढुर्ण्याला आले, आता तर पांढुर्णा जिल्हा झाला. गोंदियाला वर्षातून एकदा जाते आणि तिथे लोक मला संत्र्याकडची म्हणतात. बाजारात संत्रं घेताना मी आधी दाबून बघते, दुकानदार रागावतात. मध्ये रोगाच्या साथीत लोक गुळवेल शोधत घरोघर फिरले, काढ्यासाठी मागेल ती किंमत देत होते. मला वच्छलाबाईच्या कुदळीचा आवाज आठवत होता.

ती आहे. लोधीखेड्यालाच मुलीकडे असते, खाटेवर, पण तोंड चालू. मागच्या वर्षी गेले होते. मी सगळं काढलं, सूप, चाळणी, ती संध्याकाळ. म्हणाले, बाई, तेव्हा मी बोलायला पाहिजे होतं. ती म्हणाली, "मले काई आठवत नाई वं. तू अजून हळूच बोलतं." आठवत होतं. तिला खोटं नीट बोलता येत नाही, एकदाच आलं होतं.

श्रीरामजी गेले. बगीचा त्यांच्या मुलाकडे आहे, आणि त्याच्या घरात आजही सांगतात की एका साली लोधीखेड्याच्या कुणा बाईच्या आळसापायी बगीचा गेला होता. मी माझ्या कानांनी ऐकलं आहे, एका लग्नात, आणि तेव्हाही जेवत राहिले. तेव्हा आता हे ठरवलं आहे. थंडी ओसरली की गाडी करून वच्छलाबाईला उचलून त्या बगिच्यात नेणार, पडवीत खुर्चीवर बसवणार आणि त्या मुलाला, त्याच्या बायकोला, पोरांना समोर बोलावून सांगणार की अळ्या मी पोसल्या होत्या, वेल ठेवा म्हणून मीच मागितला होता, आणि ही बाई आळशी नव्हती. हे मी तिला देणं लागते. थंडी ओसरली की. नाही जमलं तर पावसाच्या आधी. पण ती असेपर्यंत, आणि मोठ्या आवाजात.